वस्तीची चूल आणि कार्यकर्त्याचे कर्तव्य

वस्तीतील चार घरांनी एकत्र येऊन मोठे पातेले चुलीवर ठेवायचे, ज्यांच्या घरी त्या दिवशी काही शिजले नाही त्यांना वाढायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचे, हे काम समाजवादी कार्यकर्त्याने अंगावर घ्यावे की नाही, हा प्रश्न आपल्या चळवळीत जुना आहे. दुष्काळ पडला, संप लांबला, महापूर आला किंवा टाळेबंदी झाली की तो पुन्हा उभा राहतो. दर वेळी आपल्यात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, माणूस डोळ्यांदेखत उपाशी असताना चर्चा कसली करता? दुसरा म्हणतो, भुकेचे मूळ व्यवस्थेत आहे; खिचडी वाटून ते मूळ उपटले जात नाही, उलट सरकारची जबाबदारी आपण आपल्या डोक्यावर घेतो आणि लोकांचा रास्त संताप थंड करतो. संकट ओसरले की वाद तसाच अर्धवट टाकून दोन्ही तट आपापल्या कामाला लागतात. हा वाद एकदा शेवटास नेणे आवश्यक आहे, कारण पुढचे संकट आपल्या निकालासाठी थांबणार नाही.

२४ मार्च २०२० च्या रात्री अवघ्या चार तासांच्या सूचनेने सारा देश बंद करण्यात आला, तेव्हा काय घडले ते आठवून पाहावे. रोजावर काम करणाऱ्याचा रोज दुसऱ्याच दिवशी थांबला. बांधकामावरचे मजूर, यंत्रमागावरचे विणकर, घरकाम करणाऱ्या बाया, नाक्यावर उभे राहणारे बिगारी यांच्याजवळ आठवडाभर पुरेल एवढा शिधाही नव्हता. परप्रांतातून आलेल्यांचे रेशनकार्ड गावी होते आणि गावाकडे जाणारी गाडी बंद होती. शासनाची यंत्रणा हलेपर्यंत दिवस गेले, आठवडे गेले. त्या मधल्या काळात मुंबई-पुण्याच्या आणि अनेक लहान शहरांच्या वस्त्यांत पहिला घास पोहोचवला तो शेजाऱ्यांनी. कोठे तरुण मंडळाने, कोठे गुरुद्वाऱ्याने, कोठे मशिदीच्या जमातीने, कोठे कामगार संघटनेने, तर कोठे कोणतेही नाव नसलेल्या चार-सहा बायकांनी चुली पेटवल्या. आणि जेथे अशी चूल पोहोचली नाही, तेथे काय झाले हेही आपण विसरता कामा नये. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रेल्वेच्या रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून ते आपल्या मध्य प्रदेशातील गावांकडे पायी निघाले होते. त्यांच्या बरोबरच्या पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या. त्या दृश्याने देश क्षणभर हादरला आणि पुढे सरकला.

दुसऱ्या तटाचा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. भूतदया आणि समाजवाद यांत अंतर आहे. देणारा वर उभा राहतो आणि घेणारा खाली बसतो, असे अन्नदान आपल्या समाजाला हजारो वर्षे परिचित आहे. धनिकांनी अन्नछत्रे घातली, संस्थानिकांनी सदावर्ते चालविली, आणि त्याच धनिकांच्या कोठारांत दुष्काळी वर्षी धान्य दडून राहिले. दान घेणाऱ्याची मान वाकते आणि वाकलेली मान हक्क मागत नाही. आज हेच काम निवडणुकीच्या तोंडावर फलक लावून, छायाचित्रे काढून, शिध्याच्या पिशवीवर आपला चेहरा छापून केले जाते. अशा कामात आपला कार्यकर्ता ओढला गेला, तर तो चळवळीचा राहणार नाही, हे खरे आहे. परंतु या आक्षेपातून जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र चुकीचा आहे. दान वाईट म्हणून चूलच पेटवू नये, असे म्हणणे म्हणजे सावकार लबाड म्हणून सहकारी पतपेढी काढू नये, असे म्हणण्यासारखे आहे. प्रश्न चूल पेटवावी की नाही हा नसून ती कोणाच्या मालकीची असावी आणि तिच्यापासून पुढे काय निर्माण व्हावे, हा आहे.

या प्रश्नाचे पहिले उत्तर आपल्याच भूमीत सापडते. १८७६-७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी सत्यशोधक समाजाच्या वतीने भुकेल्या मुलांना जेवू घालण्याचे काम उभे केले. धनकवडी येथे त्यासाठी बालाश्रम काढला. २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात दुष्काळाच्या वर्णनाबरोबर सत्यशोधकांच्या अटकेची हकीकत आहे, आणि त्यांना सोडवण्यासाठी सावित्रीबाई स्वतः कलेक्टरशी बोलल्या तेही आहे. म्हणजे अन्न देणारे हात आणि सत्तेला जाब विचारणारे तोंड ही दोन वेगळ्या माणसांची नव्हती. ज्या माणसांनी भाकरी भाजली त्यांनीच सावकाराला आणि सरकारला प्रश्न विचारले. पुढे आपण ही दोन कामे वेगळी केली, एकाला ‘विधायक’ आणि दुसऱ्याला ‘संघर्षात्मक’ अशी नावे दिली, आणि दोघांनाही दुबळे केले.

१९७२ च्या दुष्काळाचा अनुभवही हेच सांगतो. त्या वर्षी मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातील कोरडवाहू पट्ट्यात लोकांनी अमेरिकेहून आलेली मिलो खाल्ली, खडी फोडली, मुलांच्या हातावर सुकडी पडली. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्या माणसांनी आणि त्यांच्या संघटनांनी केवळ अन्नछत्र मागितले असते तर अन्नछत्र मिळून विषय संपला असता. त्यांनी काम मागितले, कामाचा दाम मागितला, आणि त्या मागणीतून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने हजारो गृहिणींना रस्त्यावर आणले. त्यांच्या हातात लाटणी होती आणि थाळ्या होत्या. ज्या वस्तूंनी घरात स्वयंपाक व्हायचा, त्याच वस्तू घेऊन तेल, रॉकेल, साखर आणि धान्याचा हिशेब मंत्रालयाला विचारला गेला. स्वयंपाकघर राजकारणाबाहेर आहे, या समजुतीला त्या बायकांनी कायमचा तडा दिला.

गिरणगावात तर स्वयंपाकघर हा कामगार चळवळीचा न दिसणारा आधारच होता. कोकणातून आणि देशावरून एकटे आलेले गिरणी कामगार खानावळवाल्या बायकांकडे जेवत. संपाच्या काळात पगार थांबला तरी या बायकांनी उधारीवर ताटे वाढली. स्वतःचे किडुकमिडुक गहाण ठेवून डाळ-तांदूळ आणला. संप किती दिवस टिकणार, याचा निर्णय सभेतल्या भाषणांइतकाच या बायकांच्या डब्यांवर अवलंबून होता. पण संपाच्या इतिहासात त्यांची नावे आली नाहीत. कम्युनिस्ट कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये चौदा खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना स्वतःच्या नावावर कर्ज मिळवून दिले. सावकाराच्या कर्जात पिचलेली खानावळवाली बँकेच्या दारात हक्काने उभी राहिली, हा बदल घडला तो भाकरीच्या प्रश्नावर संघटना बांधल्यामुळे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा अशा शेकडो चुलींनी काय सोसले असेल याची कल्पना ज्याने गिरणगाव पाहिले आहे त्याला सहज करता येईल.

पुण्याच्या हमाल पंचायतीने बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली याच दशकात आणखी एक वाट दाखवली. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला स्वस्त, ताजे आणि पोटभर जेवण मिळावे म्हणून ‘कष्टाची भाकर’ केंद्रे सुरू झाली. ना नफा, ना तोटा हे त्यांचे सूत्र. तेथे कोणी कोणाला दान देत नाही; हमाल पैसे मोजून ताठ मानेने जेवतो आणि केंद्राची मालकी त्याच्याच संघटनेकडे असते. ज्या संघटनेने हे केले तीच १९६९ च्या माथाडी कायद्याच्या अंमलबजावणीसाठी लढली, हा योगायोग नव्हे. आपल्या पंचायतीची भाकर खाणारा हमाल पंचायतीच्या मोर्चात येतो तो उपकाराची फेड म्हणून येत नाही. ती पंचायत आपली आहे, असा त्याला रोज दुपारी अनुभव येत असतो, म्हणून तो येतो.

परदेशातील एक उदाहरण आपल्या कार्यकर्त्यांनी आवर्जून अभ्यासावे असे आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या राजधानीत, लिमा शहराच्या कडेला वाळवंटात वसलेल्या झोपडवस्त्यांत १९७० च्या दशकाच्या अखेरीस बायकांनी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू केली. पंधरा-वीस-तीस कुटुंबे एकत्र येत, घाऊक भावाने माल आणत, पाळीपाळीने रांधत, आणि शिजलेले अन्न घरी नेत. १९८४ मध्ये डाव्या आघाडीचे आल्फोन्सो बारांतेस लिमाचे महापौर झाले आणि त्यांनी मुलांना रोज एक पेला दूध देण्याची योजना या बायकांच्या समित्यांमार्फत राबवली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हजारो बायकांनी संसदेवर मोर्चा नेला आणि जानेवारी १९८५ मध्ये दुधाच्या पेल्याचा कायदा झाला. शेजारणींच्या चुलीपासून देशाच्या कायद्यापर्यंतचा हा प्रवास पाच-सहा वर्षांत घडला.

त्या प्रवासाची किंमतही मोठी होती. विया एल साल्वादोर या वस्तीतील महिला संघटनेच्या नेत्या मारिया एलेना मोयानो यांनी स्वयंपाकघरांवर सशस्त्र ‘सेंदेरो लुमिनोसो’ गटाची हुकमत मान्य केली नाही. क्रांतीच्या नावाने वस्तीतल्या बायकांना धमकावणाऱ्या त्या गटाने या स्वयंपाकघरांना सुधारणावादी ठरवले होते. १५ फेब्रुवारी १९९२ रोजी मोयानो यांची हत्या झाली. दुसरीकडे फुजिमोरी यांच्या राजवटीने अन्नसाहाय्याची गाजरे दाखवून हीच स्वयंपाकघरे आपल्या मतपेटीला जोडण्याचा उद्योग केला. लोकांची चूल ही अशी दोन्हीकडून वेढली जाते. एकाला ती पुरेशी क्रांतिकारक वाटत नाही, दुसऱ्याला ती फार सोयीची वाटते. ती चूल टिकवायची असेल तर तिची सूत्रे जेवणाऱ्यांच्याच हाती राहिली पाहिजेत, हा लिमाचा धडा आहे.

आपल्या देशात अलीकडे हा धडा दिल्लीच्या सीमेवर गिरवला गेला. २६ नोव्हेंबर २०२० पासून ११ डिसेंबर २०२१ पर्यंत सिंघू, टिकरी आणि गाझीपूर येथे शेतकरी बसून राहिले ते लंगरांच्या बळावर. पंजाबातून पीठ आणि डाळ येत होती, शेजारच्या हरियाणातील खेड्यांतून दूध, भाजी आणि लाकूड येत होते. त्या पंगतीत आंदोलक जेवले, तसे आसपासच्या वस्त्यांतील गरीबही जेवले. तीन कायदे मागे घ्यावे लागले त्याची कारणे अनेक आहेत. पण वर्षभर पोट भरल्याशिवाय वर्षभर धरणे धरता येत नाही, एवढे तरी कोणीही मान्य करील. आधी पोटोबा, मग विठोबा ही म्हण वारकऱ्यांइतकीच आंदोलकांनाही लागू आहे.

आता शासनाच्या जबाबदारीकडे वळू. कारण शेजाऱ्यांच्या चुलीचे कौतुक करताना शासनाला सूट देण्याचा धोका खराच आहे. आपल्या राज्याचा याबाबतचा इतिहास शिकण्यासारखा आहे. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना मोठ्या गाजावाजाने सुरू केली. काही वर्षांत ती बंद पडली आणि केंद्रांसाठी दिलेल्या मोक्याच्या जागांवर भलतेच धंदे उभे राहिल्याच्या तक्रारी उरल्या. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी दहा रुपयांत सुरू झाली. टाळेबंदीत ती पाच रुपयांना आणि पुढे काही काळ विनामूल्य मिळाली. संकटात ती अनेकांच्या उपयोगी पडली हे मान्य केले पाहिजे. पण केंद्रचालकांची देयके थकल्याच्या तक्रारी पुढे वाढत गेल्या, कारण सरकार बदलले की थाळीचे भवितव्यही बदलते. केरळात कुटुंबश्रीच्या बायकांनी २० रुपयांत जेवण देणारी ‘जनकीय हॉटेले’ चालवली. २०२३ मध्ये राज्याने थाळीमागचे १० रुपयांचे अनुदान काढून घेतले आणि बोजा त्या बायकांवर आला. योजना मंत्र्याच्या मर्जीवर चालते. कायदा झाला म्हणजे तरी मंत्र्याला न्यायालयात खेचता येते.

म्हणूनच आपला आग्रह कायद्यावर हवा, आणि असलेल्या कायद्यातील भोकांवर हवा. २००१ साली कोठारे धान्याने भरलेली असताना राजस्थानात दुष्काळी माणसे उपाशी होती. त्या विसंगतीवर लोक स्वातंत्र्य संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शाळेत शिजवलेले दुपारचे जेवण हा मुलांचा हक्क ठरला. तमिळनाडूत कामराज यांनी १९५६ मध्ये आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये जे केले, त्याचे हे देशव्यापी रूप होते. २०१३ मध्ये अन्नसुरक्षा कायदा झाला. ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्के लोकांना दरमहा माणशी पाच किलो धान्य देण्याचे त्याने मान्य केले. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट मिळू लागले, म्हणून फार बोलबाला झाला. पण पाच किलोला तीस दिवसांनी भागले तर रोजचे १६६ ग्रॅम होतात. जेमतेम दोन-तीन भाकरींचे हे पीठ. कष्ट करणाऱ्या माणसाला तेवढ्याने एक वेळही निभत नाही. डाळ, तेल आणि भाजी तर हिशेबातच नाहीत.

शिवाय हे धान्य कोणाला मिळणार, याचा हिशेब २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे मधल्या काळात वाढलेले कोट्यवधी लोक कायद्याच्या बाहेर राहिले. महाराष्ट्रात या धान्याचा लाभ देण्यासाठी शहरात वार्षिक ५९ हजार आणि ग्रामीण भागात ४४ हजार रुपयांची उत्पन्नमर्यादा ठरवण्यात आली. शहरातील कुटुंबाने महिन्याला पाच हजारांहून कमी कमवावे, तेव्हा ते गरीब ठरावे, असा याचा अर्थ होतो. एवढ्या पैशांत मुंबईत खोलीचे भाडेही भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये स्थलांतरित मजुरांसाठी महासाथ संपेपर्यंत सामुदायिक स्वयंपाकघरे चालवण्याचा आदेश राज्यांना दिला. परंतु देशभर कायम स्वरूपाची अशी स्वयंपाकघरे उभारण्याची मागणी पुढे आली, तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने ती धोरणाची बाब आहे असे सांगून आदेश देण्याचे नाकारले. न्यायालयाने चेंडू राजकारणाकडे टोलवला आहे. तो उचलणे हे आपले काम आहे.

या साऱ्याचा कार्यकर्त्याच्या रोजच्या कामाशी संबंध काय, ते आता स्पष्टपणे मांडतो. आमचे म्हणणे असे की, वस्तीची चूल कार्यकर्त्याने जरूर पेटवावी. मात्र काही पथ्ये पाळून.

पहिले पथ्य मालकीचे. जेवणारा आणि रांधणारा असे दोन वर्ग होऊ देऊ नयेत. जो आज ताटावर बसला आहे त्याने उद्या पाणी भरावे, परवा भाजी निवडावी, आणि त्याच्या घरची परिस्थिती सुधारली की शेजाऱ्याच्या पातेल्यात मूठभर तांदूळ टाकावेत. म्हातारे, आजारी आणि लेकुरवाळ्या यांना यातून सूट असावी, पण समितीच्या बैठकीत त्यांनाही बोलावले जावे. एक तीळ सात जणांनी वाटून खावा, असे आपण म्हणतो. तो तीळ कसा वाटायचा हे सातही जणांनी ठरवले तर कोणीच कोणाचा आश्रित राहत नाही.

दुसरे पथ्य जातीचे. आपल्या गावजेवणांत आणि भंडाऱ्यांत कोणी कोठे बसायचे, कोणी शिजवायचे आणि कोणी पत्रावळी उचलायच्या, हे जातीने ठरत आले. हा विटाळ गेला असे समजणाऱ्यांनी डिसेंबर २०२१ मधील उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातील सुखीढांगची घटना आठवावी. शाळेत दलित स्त्रीने रांधलेले जेवण सवर्ण मुलांनी नाकारले आणि तेव्हा तिलाच कामावरून काढण्यात आले. महाडला २० मार्च १९२७ रोजी जो झगडा झाला तो पाण्याचा होता, आणि ‘एक गाव, एक पाणवठा’ मोहीमही पाण्याचीच होती. अन्नाचा झगडा त्याहून खोल आहे. म्हणून वस्तीच्या चुलीवर पहिल्या दिवसापासून सर्व जाती-धर्मांच्या हातांनी रांधले जावे, आणि ज्याला ते चालत नाही त्याची समजूत काढावी, पण त्याच्यासाठी वेगळे पातेले ठेवू नये. आजाऱ्याच्या पथ्याला किंवा रोज्याच्या वेळेला सवलत देणे हा शेजारधर्म आहे. विटाळाला सवलत देणे हा अधर्म आहे.

तिसरे पथ्य श्रमांचे. ‘स्वयंसेवा’ या गोड शब्दाआड बायकांचे फुकटचे राबणे लपू नये. घरचा स्वयंपाक आटोपून बाईने वस्तीसाठी शंभर माणसांची कणीक मळायची आणि पुरुष कार्यकर्त्याने वाढताना माइकवरून भाषण करायचे, असे चित्र दिसले तर ते आपल्या विचारांना लाज आणणारे आहे. शाळांतून दुपारचे जेवण रांधणाऱ्या बायकांना केंद्राने २००९ मध्ये महिना १००० रुपये, तेही वर्षातील दहा महिन्यांचे, मानधन ठरवले. त्यानंतर दीड दशक ते जागचे हलले नाही. सरकार बायकांच्या मायेची अशी किंमत करते. आपण तरी वेगळे वागावे. संकटाच्या चार-आठ दिवसांत सर्वांनी मिळून पडेल ते काम करावे, पुरुषांनी भांडी घासावीत आणि चुलीपुढे बसावे. काम महिनोन्‌महिने चालणार असेल तर रांधणाऱ्यांना रास्त मजुरी दिली जावी आणि तिची तरतूद आधी करावी.

चौथे पथ्य हिशेबाचे आणि स्वच्छतेचे. किती पैसे आले, किती धान्य आले, किती ताटे वाढली, काय शिल्लक आहे, हे रोज संध्याकाळी वस्तीतील फळ्यावर खडूने लिहावे. चळवळीतला माणूस प्रामाणिक आहे म्हणून हिशेबाची गरज नाही, हा युक्तिवाद अनेक चांगल्या संस्था बुडवून गेला आहे. पाणी उकळलेले आहे का, तेल पुन्हा पुन्हा तळले जाते का, उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी वाढले जाते का, हे पाहणारी दोन माणसे नेमलेली असावीत. गरिबाला विषबाधा झाली तर त्याच्या मदतीला कोणी येत नाही. चुलीची बदनामी करायला मात्र सारे येतात. फलक, छायाचित्रे आणि पुढाऱ्यांची नावे यांना मज्जाव असावा, आणि तो आपल्या पुढाऱ्यांनाही असावा.

पाचवे पथ्य सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच बहुधा विसरले जाते. चुलीशेजारी एक वही असावी. जेवायला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला वाढून झाल्यावर, समोर बसून, चार गोष्टी विचाराव्यात: रेशनकार्ड आहे का, दरमहा धान्य किती मिळते, मुले अंगणवाडीत वा शाळेत जेवतात का, आणि मजुरी किती व कोणाकडे थकली आहे. अंगठा जुळत नाही म्हणून परत पाठवलेली म्हातारी, नाव कापले गेलेला मजूर, कार्ड गावी असलेले स्थलांतरित जोडपे, ठेकेदाराने बुडवलेला पगार, हे सारे त्या वहीत येईल. उत्तर देणे न देणे ही ज्याची त्याची मर्जी. उत्तर दिले नाही म्हणून ताट अडता कामा नये. एका महिन्यात ही वही वस्तीच्या भुकेचा असा दस्तऐवज होईल, जो कोणत्याही सरकारी पाहणीपेक्षा खरा असेल. ती वही घेऊन, त्या कुटुंबांना घेऊन, तहसीलदाराच्या किंवा शिधावाटप अधिकाऱ्याच्या कचेरीत जावे. अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी आणि राज्यात अन्न आयोग यांची तरतूद केली आहे. किती कार्यकर्त्यांनी त्यांच्याकडे लेखी तक्रार केली आहे? जिल्ह्याच्या कचेरीत शंभर कुटुंबांचे शंभर अर्ज एका दिवशी पडले, तर त्या कचेरीला त्यांची दखल घ्यावीच लागेल.

यावर कोणी म्हणेल, कार्यकर्ते मूठभर, वस्त्या असंख्य. एवढे काम पेलणार कोण? शंका रास्त आहे. म्हणूनच जेथे आपली संघटना नावापुरती आहे तेथे मोठा कार्यक्रम जाहीर करू नये. एका वस्तीत, एका गल्लीत, आठवड्यातून एक दिवस जरी ही चूल सलग वर्षभर नीट चालली, तरी तिच्यातून पाच-दहा अशी माणसे घडतील, ज्यांना माल कोठे स्वस्त मिळतो, रेशन दुकानदाराच्या नोंदवहीत काय लिहिलेले असावे लागते आणि शेजाऱ्याच्या घरात आज काय शिजले आहे, हे ठाऊक असेल. पुढचा पूर किंवा पुढची टाळेबंदी आली तर त्या वस्तीला पहिल्या दिवशी कोणाचे दार ठोठवायचे हे माहीत असेल. आपल्या शाखा आज ज्या ठिकाणी ओस पडल्या आहेत, त्या भाषणे कमी झाली म्हणून ओस पडलेल्या नाहीत. वस्तीतल्या माणसाला रोजच्या अडचणीत तेथे जाण्याचे कारण उरले नाही, म्हणून त्या ओस पडल्या.

आणि अशी चूल केव्हा विझवायची, हेही आधीच ठरलेले असावे. जेव्हा वस्तीतल्या प्रत्येक घरात धान्य, डाळ आणि तेल हक्काने पोहोचेल, मजुरी वेळेवर मिळेल आणि कोणालाही शेजाऱ्याच्या ताटाची वाट पाहावी लागणार नाही, तेव्हा तिची गरज संपली. त्यानंतर शेजाऱ्यांनी एकत्र जेवावे ते सणासुदीला, आनंदाने. तो दिवस जवळ आणण्यासाठीच ती पेटवायची आहे. दोन्ही तटांच्या साथींना आमची विनंती एवढीच आहे की, त्यांनी येत्या महिन्यात आपापल्या वस्तीत एक बैठक बोलवावी, पहिल्या तटाने पातेले आणावे, दुसऱ्या तटाने वही आणावी, आणि दोघांनी मिळून कामाला लागावे.